नव्वद मिलिमीटर

तुर्कूच्या गोदीत प्लेटला तीन भोकं पाडली होती
एका पाइपसाठी. मग पाइप दुसरीकडून गेला.
नकाशावरचा तो कुणीतरी लाल पेन्सिलीनं खोडला.
भोकं खोडता येत नाहीत.

त्यातलं एक आमच्या यंत्राकडे आलं, फेब्रुवारीत,
भोवतीच्या नव्वद मिलिमीटर जाड तुकड्यासकट,
ढकलगाडीवर, घोंगडीत गुंडाळून,
आजारी जनावर आणावं तसं.

दोन जबड्यांत धरून मी ते ओढायला लावलं.
पोलाद ओरडत नाही.
आवाज येतो तो पंपाचा, आणि उर्पोच्या चमच्याचा.
कॉफीत साखर नसते, तरी तो ढवळत राहतो.

ताण नाकासमोर चालत येतो.
भोकापाशी त्याला रस्ता सापडत नाही,
मग दोन्ही अंगांनी वळसा घेतो
आणि कडेला दाटी होते: एकाचे तीन.
भोक सुईचं असो की ताटाएवढं,
प्लेट ऐसपैस असली की तिप्पट म्हणजे तिप्पट.
आणि भोकाच्या माथ्याला, ऐन ओढीच्या दिशेला,
जिथं आधी फाटेल असं मला नवी असताना वाटायचं,
तिथं उलट पोलाद चेपतं.
अख्खी प्लेट ताणलेली,
तेवढीच जागा अंग चोरून बसलेली.

कडेला मी नखाएवढी पट्टी चिकटवली होती,
श्वास रोखून, डिंक सुकेपर्यंत.
ती म्हणाली: दोन पूर्णांक सात.
वहीत लिहिलं. बरं वाटलं, तीनाहून कमी.
सिर्क्कालाही बरं वाटलं, हेलसिंकीहून
फोनवर ती दोनदा "छान" म्हणाली.

उर्पो म्हणाला, ते तोंड आहे प्लेटचं.
एवढंच. कप खाली ठेवला.

पातळ पत्रा असता
तर तोंडावर तेच पोटात.
जाडीचं तसं नसतं.
वरच्या थराला एक बाजू मोकळी,
तो आखडतो, थोडं सोडून देतो.
आतल्याला दोन्हीकडून शेजारी,
आखडायलाही जागा नाही.
त्याच्या वाट्याला तीनाच्या वर काही येतं,
आणि तिथं माझी पट्टी नव्हती.

दोन लाख अकरा हजार वेळा ओढलं, सोडलं.
भिंग लावून पाहिलं. कडेला काही नाही.
शनिवारी करवतीनं उभी चिरली प्लेट,
पाणी सोडत, हळूहळू, दुपार संपेपर्यंत.
उर्पोनं रंग ओतला, पुसला, थांबला,
आणि मधोमध,
दोन्ही तोंडांपासून सारखीच लांब,
भोकाच्या भिंतीतून निघालेली लाल रेघ.
पापणीच्या केसाएवढी.

खरं ठरल्याचा आनंद त्याला झाला नाही.
हे त्यानं आधी कुठंतरी पाहिलेलं असणार.
मी विचारलं नाही.
त्याच्या जॅकेटवर एका जहाजाचं नाव आहे,
धुऊन धुऊन तीन अक्षरं उरलेलं.
जॅकेट तो बदलत नाही.

उरलेल्या दोघांचं काय?
बुजवून टाकू? सिर्क्कानं विचारलं.
वेल्डिंगनं भरलेलं भोक जास्त वाईट,
उर्पो फोनकडे न बघता म्हणाला,
मोकळं असू दे. आतून तेवढं नीट करा.

म्हणून आज मी जहाजाच्या पोटात, उणे चौदा,
गुडघ्यांवर, कानात बोळे,
काठीला गुंडाळलेला पॉलिशकागद
भोकात फिरवतेय, पुढे, मागे,
जिथून पाइप जाणार नाही
आणि रंग लागल्यावर कुणी वाकून बघणार नाही.
थोड्या थोड्या वेळानं हातमोजा काढते,
करंगळी आत घालते.
ती बरोबर मधोमध पोचते.
अजून काहीतरी लागतंय.